लक्षात ठेव, की लक्षात ठेवायचं नाही

संगणकातल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची सेटिंग्ज उघडली, की दोन खटके बहुधा जवळजवळच सापडतात. एक कुकीज अडवण्याचा, दुसरा पॅरेंटल कंट्रोलचा. पहिला चालू केला की आपण जगाला सांगतो, माझी नोंद ठेवू नका. दुसरा चालू केला की सांगतो, माझ्या मुलासाठी घातलेला नियम विसरू नका. एकाचं काम विसरायला लावणं, दुसऱ्याचं लक्षात ठेवायला लावणं. आणि तरी कित्येक वर्षं या दोन्ही गोष्टी एकाच जागी राहत आल्या आहेत: ब्राउझरने जपून ठेवलेल्या, फार तर ४०९६ बाइटांच्या एका चिठोऱ्यात. त्यामुळे पहिला खटका दाबताना दुसरा नकळत निकामी होऊ शकतो. हे कसं घडतं ते समजून घ्यायचं, तर वेबच्या पायापर्यंत उतरावं लागतं.

पायाशी आहे विस्मरण. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेब घडवलं, तेव्हा शास्त्रज्ञांची कागदपत्रं एकमेकांना जोडणं एवढाच त्यांचा हेतू होता. ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने ते द्यायचं, व्यवहार संपला. पुढच्याच क्षणी त्याच ब्राउझरने दुसरं पान मागितलं, तरी सर्व्हरच्या लेखी तो अगदी नवखा. या विसराळूपणात मोठी ताकद होती. कुणालाच ध्यानात ठेवायचं नसल्यामुळे एक साधा सर्व्हरही पुष्कळ लोकांना उत्तरं देऊ शकत असे. पण अशा वेबवर दुकान चालत नाही. पुस्तक निवडून पुढच्या पानावर गेलात, की आधी निवडलेलं सगळं पुसलं.

१९९४ साली ही अडचण नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरसमोर आली. एमसीआय या अमेरिकी दूरसंचार कंपनीला ऑनलाइन दुकान हवं होतं, पण गिऱ्हाइकांच्या अर्धवट खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर साठवायच्या नव्हत्या. एक सरळ उपाय हाताशी होता: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा. माँटुलींनी तो मुद्दाम नाकारला. असा क्रमांक एकदा दिला, की जगातली कुठलीही वेबसाइट दुसऱ्या वेबसाइटशी ताळा करून माणसाचा माग काढू शकेल, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

त्याऐवजी त्यांनी जे केलं, ते देवळाबाहेर चपला सांभाळणारा रोज करतो. तो आपला चेहरा लक्षात ठेवत नाही, बिल्ला देतो. बिल्ल्यावरच्या आकड्याचा आपल्याला काही उपयोग नसतो, त्याला मात्र त्यावरून सगळं कळतं, आणि शेजारच्या स्टँडवर तो बिल्ला चालत नाही. सर्व्हर पान पाठवताना सोबत एक छोटी ओळ पाठवतो, ब्राउझर ती जपतो आणि पुन्हा त्याच सर्व्हरकडे गेल्यावर ती आपणहून दाखवतो. फक्त त्याच सर्व्हरला, दुसऱ्या कुणाला नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये बाहेर आलेल्या नेटस्केपच्या पहिल्या बीटा आवृत्तीत ही सोय होती, आणि तिचा पहिला वापर अगदी निरागस होता: आलेला माणूस नेटस्केपच्या साइटवर आधी येऊन गेला आहे का, एवढंच पाहायचं होतं.

म्हणजे आज जिच्या नावाने आपण इतके सावध होतो, ती कुकी जन्माला आली ती खासगीपणा राखण्यासाठी. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पुढे जे बिघडलं ते कुकीत बिघडलंच नाही. ते बिघडलं पानाच्या रचनेत.

वेबपानावरची चित्रं त्याच सर्व्हरवरून यायला हवीत असा नियम नाही. बातमीच्या पानावरची जाहिरात भलत्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ब्राउझरच्या दृष्टीने ती त्या कंपनीला दिलेली भेटच, मग ती कंपनीही कुकी देते. तुम्ही पुढे स्वयंपाकाच्या साइटवर गेलात, मग आजारांच्या, मग नोकऱ्यांच्या. तिन्हीकडे त्याच कंपनीचं चित्र असेल, तर तीच कुकी तिन्हीकडून तिच्याकडे परत जाते, आणि बहुतेक वेळा कुठल्या पानावरून आली हेही सोबत कळतं. चित्र दिसायलाच हवं असंही नाही. एका बिंदूएवढं, पारदर्शक, पन्नास बाइटांच्याही आतलं चित्र पुरतं. कुठलीच साइट दुसरीशी बोलली नाही, नियम एकही मोडला नाही, आणि तरी तुमचा दिवसभराचा प्रवास एका वहीत उतरला. अशा कुकीलाच तिऱ्हाइताची कुकी, थर्ड-पार्टी कुकी म्हणतात.

धोका लपून राहिला नव्हता. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचं पहिलं औपचारिक मानक-पत्रक प्रसिद्ध झालं, आरएफसी २१०९. त्यावर डेव्हिड क्रिस्टल यांच्याबरोबर माँटुलींचंही नाव आहे. तिऱ्हाइताच्या कुकीज ब्राउझरने घेऊच नयेत, निदान मुळात बंद ठेवाव्यात, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही. जाहिरातींवर जगणारं वेब तोवर उभं राहू लागलं होतं. त्या पत्रकातली सूचना घराघरांत पोचायला दोन दशकं लागली. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाइताच्या कुकीज सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने माग काढणाऱ्यांच्या कुकीज २०१९ पासून रोखल्या आणि २०२२ मध्ये प्रत्येक साइटसाठी कुकीजची वेगळी बरणी ठेवायला सुरुवात केली. गूगलने क्रोमसाठी २०२० मध्ये तसंच वचन दिलं, पुन्हा पुन्हा पुढे ढकललं आणि २०२४ मध्ये बेत बदलला. ज्या कंपनीचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येतं, तिच्या ब्राउझरात हा खटका आपण स्वतः दाबायचा असतो, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

आता एक प्रश्न, जो मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. 'आपला' आणि 'तिऱ्हाईत' हे संगणकाला कसं कळतं? पत्त्याच्या शेपटावरून, असं वाटेल. शेवटचे दोन भाग सारखे, की साइट एकच. पण 'को डॉट इन' हे दोन भाग भारतातल्या असंख्य परक्या कंपन्यांच्या पत्त्यांत सारखे असतात. 'गव्ह डॉट इन' तर सरकारच्या कित्येक खात्यांच्या पत्त्यांत असतं. त्यांना एकच मानलं, तर एका कंपनीची कुकी दुसरीला वाचता येईल. याला गणिती सूत्र नाही. म्हणून मोझिलाने एक यादी सुरू केली, पब्लिक सफिक्स लिस्ट: हजारो ओळींची साधी मजकुराची फाइल. कुठल्या शेपटाखाली कुणालाही नाव घेता येतं, ते तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं आहे. माणसं ती हाताने राखतात, कुणी दुरुस्ती सुचवतं, कुणी तपासतं. क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळे तिच्यावर विसंबतात. तिच्यात आपलं देवनागरी 'डॉट भारत'ही आहे. २०१४ साली ते खुलं झालं, तेव्हापासून मराठीतही वेबपत्ता घेता येतो. अब्जावधी ब्राउझरांमधली आपलं-परकं ठरवणारी कुंपणं हाताने सांभाळलेल्या एका यादीवर उभी आहेत, हे कळल्यावर त्या अनोळखी राखणदारांबद्दल आदर वाटतो.

सुरक्षा-सॉफ्टवेअर या व्यवहारात शिरतं कुठून? पूर्वी सोपं होतं. ते ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मधोमध बसायचं, आलेल्या पानाच्या माथ्यावरची कुकीची ओळ खोडायचं, जाणाऱ्या मागणीतली काढून टाकायचं. मजकूर उघडा जात होता, म्हणून पॅरेंटल कंट्रोलही तसंच चालायचं, शब्द वाचून. त्याच्या गमतीदार अडचणी होत्या. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात गाळणीला एक अश्लील इंग्रजी शब्द सापडत होता. मग वेब कुलूपबंद झालं. पत्त्याआधी एचटीटीपीएस आलं, आणि मधल्याला आतलं वाचता येईना. बँकेसाठी ही सोय उत्तम, पण सुरक्षा-सॉफ्टवेअरही मधलंच होतं.

मार्ग दोन उरले. एक, ब्राउझरच्या आतच एक्स्टेन्शन होऊन बसायचं, जिथे मजकूर उलगडलेला असतो. दुसरा, संगणकात स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवायचं, प्रत्येक कुलूप स्वतः उघडायचं, तपासायचं आणि आपल्या कुलपात पुन्हा बंद करून पुढे द्यायचं. दुसरा मार्ग चालतो, पण त्याची जोखीम मोठी आहे. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवर आधीच बसवलेला सुपरफिश हा जाहिरातींचा प्रोग्रॅम हेच करत होता, आणि सगळ्या लॅपटॉपांवर त्याची गुप्त किल्ली एकच होती. ती एका ठिकाणी सापडली, की सगळ्यांची कुलपं उघडी. म्हणून माझं मत सांगतो: कुकीज अडवण्याचं काम ब्राउझरलाच करू द्यावं. तो आत आहे, त्याला कुणाचं कुलूप फोडावं लागत नाही.

पॅरेंटल कंट्रोलचं तसं नाही. त्यासाठी सुरक्षा-सॉफ्टवेअर खरंच उपयोगी पडतं, आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी १९९० च्या दशकात क्विक हील हा अँटीव्हायरस उभा केला. त्याच्या टोटल सिक्युरिटीमध्ये साइट प्रकाराप्रमाणे अडवण्याची आणि संगणकाच्या वापराची वेळ ठरवण्याची सोय असते. ही गाळणी पान उघडत नसली, तरी पत्त्यातलं नाव पाहू शकते. मात्र नाव म्हणजे फक्त दुकानाची पाटी. विकिपीडिया उघडला हे दिसतं, त्यावरचं कुठलं पान ते नाही. यूट्यूब उघडलं हे दिसतं, कुठला व्हिडिओ ते नाही. सगळं खुलं किंवा सगळं बंद, एवढीच निवड उरते.

म्हणून मोठ्या साइटांनी आत स्वतःचे नियम दिले. गूगलचं सेफसर्च, यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड. आई-बाबा सेटिंगमध्ये जातात, चालू करतात, निश्चिंत होतात. खातं न उघडता हे केलं असेल, तर तो नियम लिहिला जातो कुठे? कुकीत. आता कुणी कुकीज साफ केल्या, किंवा सुरक्षा-सॉफ्टवेअरने आठवड्याची साफसफाई केली, की नियमही गेला. मुलाने खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडली, की ती नव्या कोऱ्या बरणीने सुरू होते, तिच्यात नियम नसतोच. पहिला खटका दुसऱ्याला निकामी करतो तो असा.

हाच पेच जाहिरातवाल्यांनाही पडला होता. 'माझा माग काढू नका' असं सांगायची सोय त्यांनी दिली, आणि तो नकारही कुकीतच लिहिला. ज्याला खासगीपणाची काळजी जास्त, तोच कुकीज वारंवार पुसणार, आणि त्याचाच नकार सर्वांत आधी पुसला जाणार. २०११ मध्ये गूगलला हे नकार जपून ठेवण्यासाठी क्रोमचं वेगळं एक्स्टेन्शन काढावं लागलं. युरोपच्या नियमांमुळे आज जगभर दिसणाऱ्या 'सगळं नाकारा' या बटणाचंही बहुतेक ठिकाणी तेच. तुम्ही नाकारलंत हे ध्यानात ठेवायला एक कुकी ठेवावी लागते. नाहीतर तोच प्रश्न प्रत्येक पानावर.

सेफसर्चच्या बाबतीत यावर निघालेला तोडगा मला अतिशय आवडतो. कुकीला हातच लावायचा नाही. नियम पत्त्यातच मुरवायचा. ब्राउझरला गूगलकडे जायचं असलं, की तो आधी डीएनएसला विचारतो, या नावाचा आकडी पत्ता काय? शाळेचं नेटवर्क, घरचा राउटर किंवा कुटुंबांसाठीची डीएनएस सेवा इथे वेगळा पत्ता सांगते: २१६.२३९.३८.१२०. हा पत्ताही गूगलचाच, पण या दाराने आलेल्या प्रत्येकाला गाळलेलेच निकाल द्यायचे असं गूगलने ठरवून ठेवलं आहे. कुलूप शाबूत राहतं, मधलं कुणी पान वाचत नाही, त्यासाठी मुलाची वेगळी नोंदही लागत नाही. कुकीज सगळ्या पुसा, खासगी खिडकी उघडा, दार तेच राहतं. यूट्यूबसाठीही असंच वेगळं नाव आहे. आणि क्लाउडफ्लेअर ही कंपनी १.१.१.३ या पत्त्यावर अशी गाळलेली डीएनएस सेवा फुकट देते.

मग डीएनएसचे प्रश्नही कुलूपबंद होऊ लागले. ब्राउझर घरच्या डीएनएसला वळसा घालून थेट दूरच्या सेवेला गुप्तपणे विचारू लागला. खासगीपणाचा हा विजय, पण आई-बाबांनी राउटरवर घातलेला नियम त्यात वाहून जाणार. यावर फायरफॉक्सने २०१९ मध्ये एक युक्ती काढली. त्याने एक नाव राखून ठेवलं, ज्यावर कुणाला जायचंच नसतं. आपण होऊन गुप्त डीएनएस सुरू करण्याआधी फायरफॉक्स घरच्या डीएनएसला त्या नावाबद्दल विचारतो. 'असं नाव नाही' असं उत्तर आलं, तर तो समजतो, या घरात गाळणी आहे, आणि थांबतो. अस्तित्वात असलेल्या नावाबद्दल ठरवून 'नाही' म्हणायचं, आणि त्या 'नाही'चा अर्थ 'इथे मूल आहे, जपून' असा लावायचा. इंटरनेटच्या जुन्या यंत्रणेत असा खुणेचा शब्द पेरणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. अर्थात मोठ्या मुलाने सेटिंगमध्ये जाऊन गुप्त डीएनएस स्वतः चालू केलं, तर ही खूण पाळली जात नाही.

याहून सरळ एक कल्पना २०१९ च्या डिसेंबरमध्ये आरएफसी ८६७४ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्राउझरने प्रत्येक मागणीसोबत एक शब्द पाठवायचा: 'सेफ'. मला सुरक्षित मजकूर द्या, बस. फायरफॉक्स त्याच्या आधीपासूनच, संगणकावर पॅरेंटल कंट्रोल चालू असेल तर, तो पाठवत आला आहे. कुकी नको, खातं नको. पण हीच विनंती प्रत्येक अनोळखी साइटला हेही सुचवते, की पलीकडे बहुधा मूल बसलं आहे. संरक्षणासाठी उच्चारलेला शब्द ओळखीची खूण होतो. 'डू नॉट ट्रॅक' या विनंतीचं तेच झालं. ती मोजक्याच साइटांनी पाळली, आणि २०१९ मध्ये ॲपलने ती सफारीतून काढून टाकली, कारण विनंती करणाऱ्याला ओळखायलाच तिचा उपयोग होऊ शकत होता. हा धोका काल्पनिक नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये दाखवलं होतं, की त्यांनी तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के नुसत्या सेटिंग्ज, फॉन्ट आणि प्लगिन यांच्या मिश्रणावरून एकमेव ठरत होते. एकही कुकी न ठेवता.

कायदाही याच गाठीपाशी येऊन थांबतो. भारताचा २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने ही रेषा तेरावर आखली होती. आपला कायदा मुलांचा माग काढायला, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायला मनाई करतो, आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती मागतो. माझ्या मते ही मनाई हव्याच त्या जागी घातली आहे. पण मूल कोण हे ठरवायला वय विचारावं लागतं, आणि वय विचारायचं म्हणजे मोठ्यांचीही नवी माहिती गोळा करणं आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या, टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या नियमांनी एक वाट ठेवली आहे: पालकाची ओळख आणि वय डिजिटल लॉकरसारख्या सेवेने दिलेल्या आभासी टोकनवरून पडताळता येईल. ही सोय नीट बांधली, तर पलीकडच्या कंपनीला 'ही प्रौढ व्यक्ती आहे' एवढंच कळेल आणि बाकीची कागदपत्रं तिच्या हाती जाणार नाहीत. बांधणी कशी होते याकडे पालकांनी बारीक लक्ष ठेवायला हवं.

तोवर घरात काय करावं? कुकीज सरसकट बंद करू नयेत. लॉगिन तुटतं, बँक दर वेळी नव्याने ओळख मागते, आणि वैतागून माणूस शेवटी सगळंच खुलं करतो. फक्त तिऱ्हाइताच्या अडवाव्यात. मुलांसाठीचा नियम मात्र कुकीत ठेवू नये. तो राउटरच्या डीएनएसमध्ये घालावा, किंवा मुलाच्या देखरेखीखालच्या खात्यात. गूगलच्या फॅमिली लिंकखाली असलेल्या मुलाला क्रोममध्ये खासगी खिडकी उघडताच येत नाही. आणि नियम घातला आहे हे मुलाला सांगावं, कारण राउटरचा नियम मोबाइल डेटावर लागू होत नाही, तिथे त्याचं त्यालाच ठरवायचं असतं.

नियम कुठे बसला आहे ते तपासायला पाच मिनिटं पुरतात. मोबाइल डेटावरून नाही, घरच्या वायफायवरून, संगणकावर खासगी खिडकी उघडा, कुठल्याही खात्यात लॉगिन करू नका आणि गूगलच्या सेफसर्च सेटिंगचं पान पाहा. तिथे कुलपाचं चिन्ह दिसलं, तर नियम बहुधा नेटवर्कमध्ये आहे, आणि कुकीज हव्या तेव्हा पुसता येतील. चिन्ह नसेल, तर इतके दिवस तो एखाद्या खात्याच्या, नाहीतर एका कुकीच्या भरवशावर होता. आता राउटरचं पान उघडून डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ लिहा, आणि खासगी खिडकीतून पुन्हा एकदा तपासा.